रिसाल्याच्या मैदानातला पाचवा दगड

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल. जे मला ओळखतात त्यांच्यापैकी एकाच्याही कानावर हे आजवर गेलेले नाही — पत्नीच्या नाही, मुलांच्या नाही, आणि ज्याच्यापाशी ते बोलायला हवे होते त्याच्या तर नाहीच. लोक मला सौम्य माणूस म्हणतात. शाळेत मी कधी आवाज चढवला नाही; खोटे बोलताना सापडलेल्या मुलाला कधी शिक्षा केली नाही. सहकारी म्हणत, सरांचे मन मोठे आहे. मन मोठे? मला त्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहवत नसे — एवढेच त्यात खरे होते.

कुठून सुरू करावे? मैदानापासून करतो. मैदानाविषयी बोलणे त्यातल्या त्यात सोपे आहे.

हिंगोलीत पूर्वी फौजेची छावणी होती. आमच्या जन्माआधीच ती उठली. पण तिच्या घोडदळाचे मैदान गावाच्या कडेला तसेच राहिले आणि नावही राहिले — रिसाल्याचे मैदान. तिथे गोरे अंमलदार घोड्यांवर बसून लांब दांड्यांनी चेंडू मारत, असे म्हातारी माणसे सांगत. पोलो हा शब्द आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकला. साहेबांना आणि त्यांच्या मडमांना बसण्यासाठी पश्चिमेला दगडी पायऱ्या बांधलेल्या होत्या. आमच्या काळी त्यांच्यावर शेळ्या ऊन खात बसत. दोन्ही टोकांना पोलोच्या गोलाचे खांब उभे होते. ते घोड्यांच्या मापाचे, आम्हा पोरांच्या फुटबॉलला फारच रुंद. म्हणून आम्ही त्यांच्या आत बांबू रोवून आपला गोल लहान करून घेत असू. घोड्यांसाठी केलेल्या त्या जागेत आम्ही अनवाणी पोरे धावत होतो. आपण या जागेला पुरे पडत नाही, असे मला पहिल्या दिवसापासून वाटत असे. इतरांना तसे वाटत होते की नाही, मला ठाऊक नाही. मी कुणाला विचारले नाही.

घोडे बांधण्यासाठी मैदानाच्या कडेने दगडी खुंट पुरलेले होते. त्यांच्या लोखंडी कड्या लोकांनी केव्हाच उपटून नेल्या होत्या. कडीची भोके असलेले दगड तेवढे उरले. पायऱ्यांवरच्या लोकांना खेळ जवळून दिसावा म्हणून आम्ही आमची आखणी एका अंगाला सरकवली होती. त्यामुळे पाच दगड रेषेच्या आत येत. उपटून का टाकले नाहीत, असे तुम्ही म्हणाल. जागा सरकारी होती. दगडाला हात लावायचा तर अर्ज करावा लागे, अर्ज वर जाई, आणि वरून काही खाली येत नसे. त्यात आमची ती काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पोटात पुरलेली वस्तू एका जागी राहू देत नाही. जो दगड एका वर्षी वीतभर वर दिसायचा, तो पुढच्या दसऱ्याला गवतात गडप झालेला असायचा. आम्ही त्यांना नावे दिली होती. एक म्हातारा, एक मुनीम, दोन जुळे भाऊ. आणि पाचवा, चिंचेकडच्या कोपऱ्यातला — त्याचे नाव सासू. ‘दिसत न्हाई, पण घरात असतीच,’ असे पोरे म्हणत आणि हसत.

आता रिवाज सांगतो. तो कळल्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला कळणार नाही.

बाहेरगावची टीम आली की खेळाआधी आमच्या कप्तानाने पाहुण्या कप्तानाचा हात धरायचा आणि त्याला मैदानाभोवती न्यायचे. प्रत्येक दगडापाशी थांबायचे. आधी आपला तळवा दगडावर टेकवायचा, मग पाय काढून घेऊन पाहुण्याला म्हणायचे, ‘आता तू ठेव.’ डोळ्यांनी पाहिलेले खेळाच्या धांदलीत विसरून जाते. तळव्याने पाहिलेले विसरत नाही, असा समज होता. पाहुणा कप्तान मग आपल्या पोरांना घेऊन त्याच वाटेने फिरे आणि प्रत्येकाचा पाय टेकवून घेई. हा रिवाज कुणी घालून दिला, कुणास ठाऊक. पण तो कुणी मोडला नव्हता. हिंगोलीची पोरे हरली म्हणून लोक हसले असतील. हिंगोलीने दगड लपवला, असे कुणी कधी म्हटले नव्हते.

गंगाधर बसमतकडच्या शिरड शहापूरचा. घरची शेती, वडील कष्टाळू आणि कमी बोलणारे. त्यांनी ठरवले होते — थोरल्याने शिकायचे, धाकट्याने रान सांभाळायचे. औरंगाबादला कॉलेजच्या वसतिगृहात गंगाधर आणि मी एका खोलीत राहत होतो. त्याच्या वळकटीला शिजवलेल्या हळदीचा वास येई, आणि पहिल्या महिन्यात मी त्यावरून नाक मुरडत असे. पुढे मला विषमज्वर झाला, तेव्हा कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत हाच बसून होता. मी शुद्धीवर आलो तेव्हा म्हणाला, ‘लेका, मेला असता तर तुझी कॉट खिडकीपाशी हाय, ती मला भेटली असती. सगळा घोटाळा केला तू.’ आणि मान मागे टाकून, डोळे गच्च मिटून हसला. तो असाच हसे. डोळे मिटून. — हे लक्षात ठेवा. मी ठेवले होते.

दसऱ्याच्या जत्रेत हिंगोलीत गर्दी होई, आणि कॉलेजातून सुटीवर आलेल्या पोरांचा सामना त्याच दिवसांत रिसाल्याच्या मैदानावर होई — हिंगोलीकर एका बाजूला, बसमतकर दुसऱ्या. संस्थानाची अखेरची वर्षे होती ती. पण ती अखेरची आहेत हे आम्हाला कुठे माहीत होते? बसमतच्या बाजूने गंगाधर कप्तान. त्यांना नेहमी एक गडी कमी पडे; तो गंगाधर घरून आणी. त्याचा धाकटा भाऊ माणिक. माणिक कॉलेजात नव्हता, शाळाही त्याने अर्ध्यावर सोडलेली. पण तो डाव्या कडेने धावायला लागला की हरकत घेण्याचे कुणाला सुचत नसे. नांगरामागे चालून घट्ट झालेले त्याचे पाय चेंडूपाशी आले की इतके हलके कसे होत, मला अजून समजलेले नाही.

मी राईट बॅक. म्हणजे माणिकला अडवण्याचे काम माझे. आदल्या वर्षी त्याने चेंडू माझ्या दोन्ही पायांच्या मधून काढला, मला वळसा घातला आणि गोल केला. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडले, ‘अरे, फाटक लावा कुणीतरी! मधूच्या पायांतून बैलगाडी जाऊन राहिली!’ सगळे मैदान हसले. त्या दिवसापासून गावात माझे नाव फाटक पडले. पानाच्या ठेल्यावर फाटक, नाटकाच्या रांगेत फाटक. एकदा वडिलांनी जेवताना विचारले, ‘तुला फाटक काहून म्हणून राहिलेत रे लोक?’ मी भात कालवत राहिलो. आई वाढता वाढता थांबली होती. गंगाधरने मला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही. आणि माणिकने — त्याच्या तर ते गावीही नव्हते. मी त्याच्यासाठी मधुभाऊ होतो, दादाचा दोस्त.

एवढ्यावरून? तुम्ही विचाराल. होय, एवढ्यावरूनच. याहून मोठे कारण असते तर किती बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

त्या वर्षी कप्तान मी होतो. आणि त्या वर्षी वडील प्रथमच सामना पाहायला येणार होते. दुपारी मी एकटा मैदानावर जाऊन आलो. पावसाने गवत माजले होते. चार दगड सहज दिसले. सासू दिसेना. मी चिंचेच्या कोपऱ्यात तळव्याने चाचपत फिरलो, तेव्हा पायाला लागली — फक्त वरची कड आणि ते कडीचे भोक, बाकी सारी मातीत. आदल्या वर्षी तर ती पुरती बुडालेली होती, म्हणून त्या वर्षी आमच्या कप्तानाने ती दाखवलीच नव्हती. म्हणजे गंगाधरला ती माहीत नव्हती. हा विचार माझ्या मनात तिथे उभ्या उभ्या आला. मी तो हाकलून दिला नाही. घरी घेऊन गेलो, जेवलो, आणि परत येताना बरोबर घेऊन आलो.

सामन्याआधी मी गंगाधरचा हात धरला. पायऱ्या भरलेल्या होत्या; वरच्या पायरीवर वडील रुमाल अंथरून बसले होते. म्हाताऱ्यापाशी थांबलो, माझा पाय, त्याचा पाय. मुनीमापाशी थांबलो. जुळ्यांपाशी थांबलो. मग चिंचेच्या कोपऱ्याकडे वळलो. तिथेही आम्ही थांबलो — सगळ्यांनी पाहिले, आम्ही थांबलो. आणि तिथे मी वसतिगृहाच्या रेक्टरांची नक्कल करायला लागलो. पोट पुढे काढून, नसलेला चष्मा नाकावर घेऊन, ते खाणावळीतली डाळ चाखून आचाऱ्याला जसे विचारत तसे — ‘यात डाळ कुठं पोहायला गेली रे?’ गंगाधर हसला. मान मागे टाकून, डोळे मिटून. ‘पुरे, पुरे,’ म्हणाला, ‘पोटात दुखून राहिलं.’ हसत हसतच आम्ही परत फिरलो.

मी त्याला पाचवा दगड दाखवला नाही. 

लिहिले. इतकी वर्षे हे वाक्य मनातसुद्धा मी सरळ उच्चारले नव्हते. मनात ते नेहमी वळणे घेत येई — ‘दाखवायचा राहून गेला’, ‘बोलण्याच्या नादात’, ‘गवत फार होते’. राहून गेला नाही. मी तो ठेवला.

उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि चिंचेचा कोपरा माझ्याकडे आला. माणिक चेंडू घेऊन आला. बॅकने अशा वेळी काय करायचे, हे खेळणाऱ्याला माहीत असते — आतली वाट अडवायची, म्हणजे तो बाहेरून जातो. मी आतली वाट अडवली. बाहेरची मोकळी सोडली, जरा जास्तच मोकळी सोडली. तो मला मागे टाकून पुढे झाला, आणि मी त्याच्यामागे धावलो नाही. मला धावण्याची गरज नव्हती.

अडखळेल. पडेल. लोक हसतील. एवढेच मला हवे होते — असे मी स्वतःला कित्येक वर्षे सांगत आलो. पण ‘एवढेच’ कुठे थांबणार, हे मी ठरवणार होतो का? भरधाव धावणारा अनवाणी पाय दगडाच्या कडेवर आदळला तर काय होते, हे हिंगोलीतल्या पोराला माहीत नव्हते? त्यासाठीच तर तो रिवाज होता.

आवाज पायऱ्यांपर्यंत ऐकू गेला, असे नंतर लोक म्हणाले. कुणी हसले नाही. माणिक एका पायावर उठू पाहत होता आणि उठवत नव्हते. त्याला कळेना की गुडघा त्याचे का ऐकत नाही. ‘दादा,’ तो म्हणाला, ‘ह्यो पाय बघ बरं माहा. काहून असा करून राहिला?’ गंगाधर धावत आला, त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला. आमचे ड्रिल मास्तर शिट्टी हातात तशीच धरून आले, गवत बाजूला केले, दगड पाहिला, आणि माझ्याकडे वळून सगळ्यांच्या देखत विचारले, ‘हा दाखवला होता?’

ती वेळ होती. एक क्षण — पण तो पुरेसा होता. माणूस बरा की वाईट, हे ठरायला फार वेळ लागत नाही.

‘जी, दाखवला होता,’ मी म्हणालो. ‘पाचही दाखवले. हा दाखवताना गंगाधर हसत होता.’

‘थांबले होते की तिथं,’ आमच्यातला कुणीतरी म्हणाला. ‘आमी पाह्यलं.’

गंगाधरने मान वर केली. मला वाटले, आता तो ओरडेल, अंगावर येईल. तो आला असता तर! तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो आठवत होता. मग हळूच म्हणाला, ‘असंल. मी हसून राहिलो होतो तवा. माह्यं ध्यान नव्हतं.’

माझ्या वडिलांनी त्या संध्याकाळी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ‘वाईट झालं. पण तू रिवाज बराबर पाळला. बट्टा लागला न्हाई.’ त्यांनी तो हात कशावर ठेवला, हे त्यांना मरेपर्यंत कळले नाही.

सरकारी दवाखान्यात काही झाले नाही. पुढे एका हाडवैद्याने पाय ओढून बांधला. हाड जुळले, पण गुडघा वाकेना. माणिकचा तो पाय लाकडासारखा ताठ झाला. ताठ पायाने नांगरामागे कोण चालेल? त्याच्या वडिलांचे ठरलेले सगळे उलटले. सुटी संपल्यावर गंगाधर वसतिगृहात आला तो वळकटी न्यायला. बांधता बांधता म्हणाला, ‘खिडकीपाशी तर तू हायेसच. आता माहीबी जागा तुलाच. पाय पसरून झोप लेका.’ हसला, पण डोळे उघडे होते. मी त्याच्याबरोबर मोटार अड्ड्यापर्यंत गेलो. वाटेत कितीतरी वेळा माझे तोंड उघडले. मी हवापाण्याविषयी बोललो.

मी पास झालो. शिक्षक झालो.

आता दुसरे. पहिल्यापेक्षा दुसरे जास्त वाईट आहे. पहिल्या वेळी मी अठरा वर्षांचा होतो, लोक पाहत होते, घाबरलो होतो — असे काहीबाही म्हणता तरी येते. दुसऱ्या वेळी काहीच म्हणता येत नाही.

संस्थानातल्या त्या शेवटच्या पावसाळ्यात आमच्याकडची माणसे लुटालुटीच्या आणि जाळपोळीच्या भीतीने गावे सोडून वऱ्हाडाच्या हद्दीत गेली. कुणी गाडीने, कुणी पायी. आम्हीही गेलो. वाशीमच्या बाजूला एका जिनिंगच्या आवारात आसरा मिळाला होता. एका दुपारी फाटकातून एक माणूस आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पाठीवर दुसरा माणूस. गंगाधर. पैनगंगेच्या पलीकडेच गाडी सोडावी लागली होती. घरच्या बाकी मंडळींना पुढे लावून देऊन, उतार मिळाल्यावर तो माणिकला पाठीवर घेऊन नदी उतरला आणि तसाच चालत आला.

आमचा जुना गोलकीपर तिथेच होता. ‘काय गंगाधरराव,’ तो म्हणाला, ‘नवरदेव कुठून उचलून आणला?’

माणिक पाठीवरूनच म्हणाला, ‘घोडं बराबर भेटलंय मला. चंदी मागत न्हाई, लाथ मारत न्हाई. फकस्त फुरफुरतं लई.’

सगळे हसले. त्या दिवसांत हसू कुठे मिळत होते? मीही हसलो. मग मी गंगाधरला पाणी आणून दिले. तो भिंतीशी टेकून बसला, धोतराचा काठ पिळत. म्हणालो, ‘कुणाला मदतीला घ्यायचं होतंस. एकट्यानं कशाला आणलंस त्याला?’

‘माह्यं हाय ते. दुसऱ्याला कसं देऊ?’ तो म्हणाला. मग मान खाली ठेवूनच त्याने विचारले, ‘मधू, एक इचारू का? तू सासू दाखवली तवा माहा पाय पडला होता का तिच्यावर? मी लई आठवून पाहतो. नदीतबी आठवत होतो. चार दगड अजून तळव्याला आठवतेत — कोणचा खरबरीत, कोणचा गुळगुळीत. पाचवा काई केल्या सापडत न्हाई. पाय पडला असंल आन् मी इसरलो असंल, तर माह्यासारखा मीच. पर पडलाच नसंल...’ त्याने वर पाहिले. ‘तुला तर आठवत असंल.’

तुम्हाला दिसते का, तो काय मागत होता? त्याने मला दार उघडून दिले होते. संशय घेतला नव्हता, आरोप केला नव्हता. आपल्याच स्मृतीवरचा भरवसा उडालेला एक थकलेला माणूस मित्राला विचारत होता. पायऱ्या नव्हत्या. वडील नव्हते. फाटक म्हणून हसणारे कुणी नव्हते. ‘नाही’ म्हटले असते तर काय झाले असते? त्याने मला मारले असते? मारले असते तर चार ठोसे. थुंकला असता. कदाचित रडला असता आणि त्या रात्री, इतक्या वर्षांनी, ओझ्याशिवाय झोपला असता.

मी म्हणालो, ‘पडला होता.’

गंगाधरने मान हलवली. ‘मंग ठीक हाय,’ म्हणाला. आणि उठून माणिकला आत घेऊन गेला.

मंग ठीक हाय. या तीन शब्दांनी मला जितके सोलले आहे तितके कुठल्या शिवीने सोलले नसते.

त्यानंतर आमचे येणे-जाणे राहिले. माझ्या लग्नात तो हळदीचे पोते घेऊन आला. त्याने स्वतः लग्न केले नाही. म्हणे, घरात एकाच संसाराला पुरेल एवढे अन्न आहे आणि तो माणिकचा असावा. लोक त्याच्या बंधुप्रेमाचे दाखले देत. मी ते ऐकून मान डोलवत असे. मी कशाला मान डोलवली नाही?

गंगाधर गेला त्याला फार दिवस झाले नाहीत. छातीच्या दुखण्याने गेला. कळल्यावर मी शिरड शहापूरला गेलो. माणिक ओट्यावर बसला होता, ताठ पाय पुढे सोडून. केस पांढरे झालेले. सुनेने चहा आणला. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि माणिक म्हणाला, ‘मधुभाऊ, दादा जाताना हात जोडून राहिला होता माह्यापुढं. म्हणे, माणक्या, मी तुला दगड सांगायचा राहिलो, मला माफ कर. मी म्हणलं, दादा, काहून तकलीफ करून घेतो? तो दगड आता मातीनं कवाच गिळला असंल. ऐकेचना. हात खालीच घेईना. मंग म्हणलं, केलं माफ, जा. तवा हात खाली ठेवला त्यानं.’

त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. ‘तुमाला लई मानायचा,’ म्हणाला. ‘म्हणायचा, मधूनं त्याचं काम केलं, चूक माही. कवा तुमाला बोल लावला न्हाई.’

माझ्या हातात कपबशी होती. माणिक समोर होता, जिवंत, आणि सांगायला फक्त तोच उरला होता. मी चहा प्यालो. सगळा प्यालो. मग म्हणालो, ‘बस चुकेल.’

माझ्या वाट्याची माफी गंगाधरने मागितली. ती त्याला मिळालीही. आता ती कुणाच्या नावावर आहे, हे विचारण्याचा मला अधिकार नाही आणि मी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मी वर नीट लिहिली नाही. चिंचेच्या कोपऱ्यात आम्ही थांबलो, मी नक्कल केली, गंगाधर हसला — इतकेच लिहिले. तिथे गवत होते, पण दगडाची कड अगदी पायाशी नीट पाहणाऱ्याला दिसण्यासारखी होती. ती त्याला का दिसली नाही, हे लिहायचे मी टाळले. तळव्याने पाहिलेले विसरत नाही, हा समज खरा आहे. त्याच्या तळव्याला चार दगड आठवत होते. माझ्या उजव्या तळव्याला आजही पाचवा आठवतो — गार, ओला, मधोमध कडीचे भोक.

त्या दिवशी मी गंगाधरला चार दगड दाखवले. पाचव्यावर मी उभा होतो.